देवमाशाची कवटी आणि राखेची मिती

यंदा आमची कन्या बारावी झाली आणि पुढे भूगर्भशास्त्र घेणार असल्याचे तिने जाहीर केले. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. “अगं, जन्मभर दगड फोडून काय मिळणार तुला?” असे मी बोलून गेलो. तिने वाद घातला नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर एक चित्र माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “बाबा, एवढी पोथी वाचा पाहू!”

चित्र होते एका दंतधारी देवमाशाच्या कवटीचे. लांबी ३ मीटर! सर्वांत मोठा दात ३६ सेंटिमीटरांहून अधिक. म्हणजे शाळेतली फूटपट्टी त्याला अपुरी पडावी. आजचा स्पर्म व्हेल हा याचा नातलग. पण त्याचे कामाचे दात केवळ खालच्या जबड्यात असतात आणि तो मुख्यतः म्हाकुळांवर गुजराण करतो. या महाशयांच्या दोन्ही जबड्यांत तसले दात. इतर लहान देवमाशांचे ते लचके तोडीत असावेत, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

नोव्हेंबर २००८ मध्ये रॉटरडॅमच्या संग्रहालयाचे क्लास पोस्ट यांना ही कवटी पेरू देशाच्या दक्षिण किनारपट्टीतील वाळवंटात, सेरो कोलोरादो येथे सापडली.

“वाळवंटात देवमासा?” मी विचारले.

“तेव्हा तिथे समुद्र होता, बाबा.”

मग तिने सारे उलगडून सांगितले. त्या समुद्रात तळाचे थंड, सकस पाणी वर येई. त्यावर डायॅटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती पोसत, त्यांच्या आधाराने मासे आणि माशांमागे देवमासे. डायॅटमची काचेसारखी कवचे तळाशी साचत आणि मेलेले प्राणी त्या गाळात गाडले जात. पॅसिफिकचा तळ दक्षिण अमेरिकेखाली सरकत असल्यामुळे तो जुना सागरतळ कालांतराने वर उचलला गेला. पाऊस जवळजवळ नाही, वारा मात्र अखंड. तोच आता थर झिजवून हाडे उघडी पाडतो.

नावाचीही एक गंमत आहे. २०१० साली ओलिव्हिए लाम्बेर व सहकाऱ्यांनी या प्राण्याला ‘लेव्हायथन’ म्हटले. पण ते नाव एकोणिसाव्या शतकातच एका मॅस्टोडॉनला, म्हणजे हत्तीच्या लुप्त भाईबंदाला, दिलेले निघाले! तेव्हा त्याच वर्षी त्याचेच हिब्रू रूप ‘लिव्यातान’ घेतले. पुढे ‘मेलव्हिली’ जोडलेले होतेच. ‘मोबी डिक’च्या लेखकाचा हा मान पाहून मी जरा सावरून बसलो.

परंतु मला खरे जिंकले ते राखेने. त्या थरांत मधूनमधून ज्वालामुखीची राख आहे. राखेतल्या स्फटिकांत पोटॅशियम असते. त्याचा थोडा अंश ठरलेल्या गतीने आरगॉन वायूत बदलतो आणि वायू स्फटिकातच कोंडून राहतो. तो मोजला की राख केव्हा पडली ते कळते. कवटीचे वय आधी १ कोटी २० लाख ते १ कोटी ३० लाख वर्षे मानले होते. पुढे एकेक थर मोजून, राखेची साक्ष काढून ते ८९ ते ९९ लाखांवर आणले गेले. आमच्या क्षेत्रात तीस वर्षांच्या फरकावरून पंडितांचे बोलणे बंद होते. इथे निदान वीस लाखांची दुरुस्ती झाली!

माझ्या आजोळची एक पोथी आहे. लेखनिकाने शेवटी शक आणि मिती घातलेले पान उंदरांनी खाल्ले. तिचा काळ ठरवण्यासाठी मी पाच वर्षे झटलो. अजून ठरलेला नाही. हीच कवटी कोणी थरांची नोंद न करता उपटून दिवाणखान्यात मांडली असती, तर तिचेही शेवटचे पान गेले असते. लोक नुसते दात पाहून थक्क झाले असते, इतकेच. आज ती लिमा येथील निसर्ग-इतिहास संग्रहालयाची आहे, आणि तिच्या थरांची नोंदही अभ्यासकांपाशी आहे.

म्हणजे माझी कन्या माझाच धंदा करू पाहत होती; फक्त तिची पाने दगडाची होती.

सकाळी तिने प्रवेशअर्ज पुढे केला. मी मुकाट्याने सही केली. स्वयंपाकघरातून तिच्या आईचा आवाज आला, “पोथ्यांची धूळ होतीच घरात, आता धोंडेही येऊ द्या!”