स्मूदी बाऊल पातळ का होतो?

घरी केलेला स्मूदी बाऊल बहुतेक वेळा पातळ होतो. वर हौसेने मांडलेले केळ्याचे काप आणि डाळिंबाचे दाणे बघता बघता तळाला जातात आणि चमच्याने खायचा पदार्थ शेवटी वाटी तोंडाला लावून प्यावा लागतो. मग खापर फुटतं मिक्सरवर, नाहीतर आंब्यावर, नाहीतर आणायच्या राहिलेल्या कुठल्याशा महागड्या पावडरीवर. खरा हिशेब असतो पाण्याचा. शंभर ग्रॅम केळ्याच्या गरात साधारण ७५ ग्रॅम पाणी असतं, आंब्यात ८३, अननसात ८६ आणि पपईत ८८. हे पाणी फळाच्या तंतूंत आणि बर्फाच्या बारीक कणांत अडकून राहिलं तर बाऊल घट्ट होतो, मोकळं सुटलं की पातळ. घट्टपणाबद्दलचे बहुतेक गैरसमज या हिशेबातच चुकतात.

‘बर्फ घातला की घट्ट होईल’

होतो, पण दोन-चार मिनिटांपुरता. बर्फाच्या खड्यात पाण्यावाचून दुसरं काही नसतं. तो वितळला की तेवढं कोरं पाणी वाटीत उतरतं आणि पोताबरोबर चवही पातळ होते. गोठवलेल्या फळाचं तसं नाही. त्यातलं पाणी साखर, आम्ल, पेक्टिन आणि तंतू यांच्या सोबतीने गोठलेलं असतं. साखर असल्यामुळे ते शून्य अंशाला गोठत नाही, आणि फ्रीजरच्या उणे १८ अंशांतही थोडा गोड रस द्रवच राहतो. म्हणून गोठलेली आंब्याची फोड दाताने तोडता येते, बर्फाचा खडा मात्र दात शिवशिववतो. शिवाय ही फोड वितळली तरी मागे गर उरतो, आणि गर मुळातच दाट असतो. आमरस आपण कुठे गोठवतो? तरीही तो पुरीवर नीट थांबतो. पंगत वाढली म्हणून त्यात दूध-पाणी वाढवलं की काय होतं, ते सगळ्यांनीच कधी ना कधी चाखलेलं आहे.

तेव्हा पहिला नियम असा की बर्फ नको, फळच गोठवायचं. केळं सोलून गोठवावं. सालीसकट ठेवलं तर साल काळी पडून चिकटते आणि बर्फासारख्या केळ्यावरून ती सुरीने खरवडत बसावं लागतं. फोडी बोटाच्या पेराएवढ्या कराव्यात, ताटात सुट्या पसरून रात्रभर ठेवाव्यात आणि कडक झाल्या की मग डब्यात भराव्यात. थेट डब्यात कोंबल्या तर त्यांचा एकसंध दगड होतो आणि तो कुठलाच मिक्सर फोडू शकत नाही. फळं गोठवण्याआधी धुवायची, हेही सांगायला हवं. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते निपचित पडून राहतात.

फोडी बाहेर काढून पूर्ण मऊ होईपर्यंत थांबणं ही याच्या उलट टोकाची चूक. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि बर्फाचे स्फटिक फळाच्या पेशींच्या भिंती फोडतात. त्यामुळे गोठून वितळलेलं फळ ताज्या फळापेक्षा जास्त पाणी सोडतं. पाच-सात मिनिटं बाहेर ठेवलं की पुरे. कडा जेमतेम नरम झाल्या पाहिजेत, मध्य कडकच हवा.

केळं किती पिकलेलं घ्यावं, यावरही गोंधळ आहे. कच्च्यात पिष्ट जास्त म्हणून बाऊल दाट होईल, असा एक तर्क ऐकू येतो. कच्च्या केळ्याच्या गरात वीस टक्क्यांच्या आसपास पिष्ट असतं हे खरं, पण न शिजवता वाटलं तर ते पिठूळ आणि तुरट लागतं, बाऊल मऊसूत होत नाही. सालीवर काळे ठिपके आलेलं केळंच घ्यावं. आणखी एक कारण आहे. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, त्यामुळे नुसतं खायला बेताचं गोड असलेलं फळ बाऊलमध्ये फिकं लागतं.

याच कारणाने ‘आंबा हापूसच हवा’ हा हट्टही मला पटत नाही. गोठवल्यावर सुगंध बराच दबतो. चांगला देवगड किंवा रत्नागिरी हापूस हाताने कापून खावा, बाऊलसाठी केशर किंवा मोसमाच्या शेवटी स्वस्त झालेला कुठलाही पिकलेला आंबा चालतो. डब्यातला रस वापरणार असाल तर आधी लेबल वाचा. त्यात बऱ्याचदा साखर घातलेली असते. तो ओतून वापरण्यापेक्षा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून त्याचे खडे वापरले तर उपयोगी पडतो.

‘आपल्या मिक्सरवर होणारच नाही’

दोन हजार वॅटचा परदेशी ब्लेंडर असेल तर काम सोपं होतं, यात वाद नाही. पण पाचशे किंवा साडेसातशे वॅटच्या घरगुती मिक्सरवरही बाऊल होतो, फक्त भांडं बदलायचं. मोठ्या भांड्यात थोडीशी गोठलेली फळं पात्यांच्या बाजूला उडून कडेला चिकटतात आणि खाली पातं रिकामंच फिरतं. मग माणूस वैतागून अर्धा पेला दूध ओततो, आणि बाऊल तिथेच बिघडतो. एका माणसापुरतं असेल तर चटणीचं भांडं घ्या. तळाला दोन चमचे दूध, त्यावर दही किंवा चक्का, आणि सगळ्यात वर गोठलेल्या फोडी. बटण सलग फिरवू नका. उलटीकडे वळवून झटके द्या, थांबवा, झाकण काढून कडेचं खाली लोटा, पुन्हा झटके द्या.

‘जास्त वेळ फिरवलं की जास्त दाट’ हा समज इडलीच्या पिठावरून आला असावा. इथे उलटं घडतं. पात्याच्या घर्षणाने उष्णता तयार होते आणि जो बर्फ आपल्याला टिकवायचा आहे तोच वितळतो. गुठळ्या मोडल्या की थांबायचं. मिक्सर मधेच बंद पडला तर तो जळाला असं लगेच समजू नका. बहुतेक मिक्सरना तळाशी लाल बटण असतं. मोटरवर ताण आला की ते सुटतं. थोडा वेळ थंड होऊ द्या, फोडी कमी करा आणि बटण दाबा.

प्रमाण लक्षात ठेवायचं तर २५० ग्रॅम गोठलेल्या फळाला ५० मिलिलिटरच्या वर द्रव नको. त्यातही दुधापेक्षा चक्का घ्या. दही फडक्यात रात्रभर टांगलं की पाणी निथळून जातं आणि उरतो तो दाट, आंबटसर गोळा. श्रीखंड-आम्रखंड करणाऱ्या घरात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे, तरी स्मूदी बाऊल करताना माणसं ‘ग्रीक योगर्ट’चा डबा शोधत हिंडतात. दुधाचे पदार्थ नको असतील तर नारळाचं दाट दूध किंवा गोठवलेली शहाळ्याची मलई वापरा. त्यातल्या स्निग्धतेने बाऊल मऊ राहतो. वाटी दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवायला विसरू नका. स्टीलची वाटी खोलीच्या तपमानाला असेल तर ती कडेने बाऊल वितळवायला लागते.

‘खरा बाऊल असाईचाच’

असाई हे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या एका ताडवर्गीय झाडाचं जांभळं फळ. ब्राझीलच्या पारा राज्यात, बेलें शहरात, त्याचा गर बिनसाखरेचा खातात, सोबत कसाव्याचं पीठ आणि तळलेला मासा किंवा कोळंबी. गोड बाऊल हे रिओचं रूप. तिथे जिउ-जित्सू खेळणाऱ्या ग्रेसी घराण्यामुळे असाईची गोडी लागली असं मानतात. पुढे त्यात केळं आणि ग्वारानाचा पाक आला, आणि तोच प्रकार समुद्रलाटांवर खेळणाऱ्यांबरोबर हवाई आणि कॅलिफोर्नियात पोहोचला.

घट्टपणाचं मूळही या प्रवासात आहे. असाईचा ताजा गर फार लवकर नासतो. जंगलापासून हजारो किलोमीटर दूर न्यायचा तर गोठवण्यावाचून इलाज नव्हता, आणि गोठलेला गर वाटला की तो चमच्याने खाण्याइतका दाट होई. म्हणजे महत्त्वाची ती थंडी, असाई नव्हे. आपल्याकडे मिळणाऱ्या असाईच्या पावडरीने रंग येतो, घट्टपणा येत नाही.

उष्ण कटिबंधातल्या फळांची आपल्याला वाण नाही. जळगावचं केळं, घोलवडचा चिकू, फणसाचे गरे, पेरू, पपई, सगळी चालतात. चिकू पूर्ण पिकलेलाच घ्या. फ्रीजरमध्ये कच्चा चिकू पिकत नाही, त्याचा चीक आणि तुरटपणा तसाच राहतो. सीताफळाचा बाऊल अप्रतिम होतो, पण त्यात एक धोका आहे. मिक्सरमध्ये टाकण्याआधी एकूण एक बी काढली पाहिजे. बी वाटली गेली तर नुसती चव बिघडून थांबत नाही. सीताफळाच्या बियांत विषारी द्रव्यं असतात. त्यांची पूड कीटकनाशक म्हणून वापरली जाते आणि डोळ्यात गेली तर मोठी इजा करते. गर चाळणीवर हाताने घोळवूनच घ्या.

‘अननस कडू निघाला’

अननस आणि दह्याचा बाऊल करून फ्रीजमध्ये ठेवला आणि तासाभराने खाल्ला तर तो कडू लागतो. दोष फळवाल्याला दिला जातो, पण अननस चांगलाच असतो. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं आणि ते प्रथिनांचे तुकडे करतं. अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते, त्यात याचाही वाटा असतो. दुधातल्या केसिनचे असे तुकडे झाले की त्यांतले काही चवीला कडू असतात. दह्याची बांधणीही सुटते, म्हणून कडवटपणाबरोबर पातळपणाही येतो. अननस गोठवला तरी ब्रोमेलेन नष्ट होत नाही, नुसतं मंदावतं.

उष्णतेने मात्र ते निकामी होतं. अननसाच्या शिऱ्यात दूध असूनही शिरा कडू होत नाही, कारण फोडी शिजलेल्या असतात. डब्यातल्या अननसाचंही तेच. बाऊलसाठी फोडी कढईत चार-पाच मिनिटं वाफ येईपर्यंत परतून, गार करून गोठवाव्यात. थोडं पाणीही उडून जातं, तो वेगळा फायदा. तेवढा खटाटोप नको असेल तर अननसाची जोडी नारळाच्या दुधाशी लावा. त्यात प्रथिनं इतकी कमी असतात की कडवटपणा जाणवत नाही. पपई आणि किवीतही अशीच प्रथिनं तोडणारी विकरं आहेत. दुधातली पपई करून ठेवू नये, केली की लगेच खावी.

याच्याच शेजारचा दुसरा समज म्हणजे ‘आंबट फळ आणि दूध पोटात फाटतं, ते विष होतं’. दूध पोटात गेलं की जठरातल्या आम्लाने आणि विकरांनी ते तसंही साकळतंच. पचनाची ती पहिली पायरी आहे. फळं आणि दूध एकत्र घेण्याला आयुर्वेदात विरुद्ध आहार म्हटलं आहे, आणि ते पाळणाऱ्यांनी खुशाल पाळावं. पण शिकरण खाऊन मोठ्या झालेल्या घराला केळ्याच्या बाऊलची भीती घालण्यात अर्थ नाही. चक्का तर आधीच साकळलेला असतो, तो आणखी काय फाटणार?

‘फळंच तर आहेत, कितीही खा’

इथे गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. एक बाजू म्हणते की मिक्सरमध्ये तंतू नष्ट होतात. तसं होत नाही. ते बारीक होतात, पण वाटीतच राहतात. तंतू जातात ते रस गाळून चोथा टाकला तर. दुसरी बाजू म्हणते की नैसर्गिक साखरेने काही बिघडत नाही. शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे १२ ग्रॅम साखर असते, दीडशे ग्रॅम आंब्यात सुमारे २०. सबंध फळ चावून खाताना माणूस आपोआप थांबतो, वाटलेलं फळ पाच मिनिटांत संपतं. ब्रिटनमध्ये सरकारी आहारसल्ला याच कारणाने स्मूदी आणि फळांचा रस मिळून दिवसाला १५० मिलिलिटरची मर्यादा घालतो. मधुमेह असेल तर किती खावं हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वरून घातलेल्या मधाकडे मात्र कुणी संशयाने पाहत नाही. मधात पाच भागांतले चार भाग साखर असते. एका मोठ्या चमच्यात सतरा ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात वरची साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली हवी, म्हणजे दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला ५० ग्रॅमपर्यंत, आणि मध या वरच्या साखरेतच मोजला जातो. आत मिसळला तर बाऊल पातळही करतो, कारण साखर वाढली की मिश्रण गोठायला जास्त थंडी लागते. एक वर्षाखालच्या बाळाला तर मध चाटवूही नये.

विकतच्या ग्रॅनोलात तेल आणि साखर दोन्ही असतात. कुरकुरीतपणाच हवा तर राजगिऱ्याच्या लाह्या किंवा कोरडे भाजलेले पोहे घ्या, फक्त खायच्या क्षणी वर टाका.

सब्जा आणि चिया एकच, हाही सर्रास आढळणारा समज. सब्जा हे तुळशीच्या कुळातलं बी. ते पाण्यात काही मिनिटांत फुगतं आणि भिजवूनच खायचं असतं. चिया मूळची मेक्सिको-ग्वाटेमालाकडची. ती सावकाश फुगते पण वजनाच्या दसपट पाणी शोषते. बाऊल थोडा सैल झालाच तर चमचाभर चिया घालून पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवल्यास सुटलेलं पाणी ती ओढून घेते. भिजवलेला सब्जा मात्र आपलं पाणी सोबत घेऊन येतो, तो वरून सजावटीला ठीक.

उरलेला बाऊल फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तसाच मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. तो कुल्फीच्या साच्यात भरून गोठवा. त्यात न शिजवलेला अननस आणि दही एकत्र असेल, तर मात्र तेवढा आजच संपवा.