पांढरी काठी आणि उरलेली नजर

पांढरी काठी वापरणारी व्यक्ती मोबाइलवरील मजकूर वाचताना दिसली, की तिच्या अंधत्वाविषयी शंका घेतली जाते. परंतु अंधत्व म्हणजे केवळ संपूर्ण अंधार नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार, अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टितीक्ष्णता (बारकावे ओळखण्याची क्षमता) योग्य चष्म्यानेही ३/६० पेक्षा कमी असेल, म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून ओळखू येणारे अक्षर ३ मीटरवरूनही ओळखता येत नसेल, किंवा दृष्टिक्षेत्र (नजर स्थिर ठेवून एका वेळी दिसणारा परिसर) १० अंशांहून कमी असेल, तरी ती व्यक्ती अंध ठरते.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकारात दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतील प्रकाशग्राही पडद्याच्या) कडेच्या पेशी बहुधा आधी निकामी होतात आणि मधली नजर दीर्घकाळ टिकते. वर्तमानपत्राची बारीक सुरळी डोळ्याला लावली असता समोरचे अक्षर वाचता येते, पण पायाजवळचा उंबरठा दिसत नाही, तशीच ही स्थिती असते. शिवाय मंद प्रकाशात दृष्टी आणखी क्षीण होत असल्याने दुपारी काठीविना चालणारी व्यक्ती दिवेलागणीला काठी उघडते, आणि त्यात लबाडी शोधणे हा तिच्यावर अन्याय आहे. उलट, दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजल्यास उंबरठा चुकवता येतो, परंतु परिचिताचा चेहरा ओळखता येत नाही, आणि त्यालाच शिष्टपणा समजले जाते.

मदत करताना न विचारता दंड धरून ओढू नये, कारण त्यामुळे काठीने घेतलेला अंदाज चुकतो. आधी विचारून, होकार आल्यास कोपर धरावयास द्यावे, आणि ‘तिकडे’ असे न म्हणता ‘उजवीकडे दोन पायऱ्या खाली’ असे सांगावे.