मुंबईची ट्राम ओढणारे घोडे

आपल्या सिल्लोडकडे आता घोडा दिसतो तो बहुतेक लग्नाच्या वरातीत. एकेकाळी मात्र अख्खी मुंबई घोड्यांच्या जिवावर पळत होती. 9 मे 1874 रोजी तिथे घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाबा ते पायधुणी, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. रुळांवरचा डबा ओढायला एक किंवा दोन घोडे जुंपत. भरभराटीच्या काळात ट्राम कंपनीच्या तबेल्यांत सुमारे 900 घोडे होते म्हणतात! त्यांचा दाणा, वैरण, नाल, खरारा... किती माणसं राबत असतील!

उन्हात माणसांनी खच्चून भरलेला डबा ओढणं सोपं नव्हतंच. या कष्टकरी जनावरांची आठवण आपण फार कमी ठेवली, असं मला मनापासून वाटतं. जनावरांसाठी परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय उभं राहिलं, तेही याच काळात. ते आजही चालू आहे.

1905 मध्ये घोड्यांची ट्राम थांबली, 1907 मध्ये विजेची आली. घोड्यांच्या व्हिक्टोरिया बग्ग्या मात्र पुढे शतकभर टिकल्या. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या.

मुंबईला गेलात तर जुन्या दगडी पाणपोया जरूर पाहा. काहींना जनावरांसाठी हौदही आहेत.