रंग प्रत्यक्ष, प्रथिन अनुमान

औषधांच्या माहितीपत्रकांत 'या कल्पाने टीएनएफ-अल्फा व इंटरल्यूकिन-६ यांचे प्रमाण घटते' अशा आशयाची विधाने पुष्कळदा आढळतात. वैद्य ती वाचून औषधाची योजना करतात, औषधालयांचे चालक ती ग्राहकांस दाखवितात. म्हणून हे मापन कसे होते व त्यावर कितपत विसंबावे, याचा थोडा विचार आम्ही येथे करीत आहोत.

टीएनएफ-अल्फा व इंटरल्यूकिन-६ ही सायटोकाइन वर्गातील प्रथिने होत. रोगप्रतिकारक पेशी त्यांच्याद्वारे परस्परांस संदेश देतात. त्यांचे प्रमाण बहुधा पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लक्ष कोटीव्या भागांत मोजावे लागते. हे साधते ते प्रतिपिंडांमुळे. १९७१ साली स्टॉकहोम येथे एंगवाल व पर्लमान यांनी 'एलायझा' पद्धती मांडली. १९७५ साली केंब्रिज येथे कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड निर्माण करणाऱ्या पेशी सिद्ध केल्या. आजच्या सायटोकाइन-मापनास या दोन्हींचा आधार आहे.

तबकडीच्या खळग्यात बसविलेले पहिले प्रतिपिंड प्रथिनास पकडते. दुसरे त्याच प्रथिनाच्या निराळ्या भागास चिकटते आणि त्यास जोडलेल्या एन्झाइममुळे रंग उमटतो. ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांशी त्या रंगाची तुलना करून आकडा काढतात.

येथे प्रत्यक्ष दिसतो तो रंग. प्रथिनाचे केवळ अनुमान होते. धूमावरून अग्नी जाणावयाचा, तर तो धूमच आहे, धुके नव्हे, याची खात्री हवी. प्रतिपिंड भलत्याच प्रथिनास चिकटले तरी रंग येतो. उंदराच्या प्रथिनासाठी सिद्ध केलेले प्रतिपिंड मानवी प्रथिनास ओळखेलच असे नाही. अर्काच्या तीव्र मात्रेने पेशी मेल्या तरीही सायटोकाइन घटते. तो औषधाचा गुण नव्हे. उलट अर्कात जिवाणूंचे एंडोटॉक्सिन राहिले असल्यास सायटोकाइन वाढते आणि त्यासच 'प्रतिकारशक्तिवर्धन' समजले जाते.

म्हणून माहितीपत्रक हाती येताच चार प्रश्न विचारावेत. प्रतिपिंडाची पारख झाली होती काय? पेशी जिवंत होत्या काय? एंडोटॉक्सिन तपासले होते काय? आणि हे मापन केवळ तबकडीतील पेशींवरचे, की रुग्णाच्या रक्तातील? पेशींवरील निष्कर्ष संशोधनास दिशा देतो. रुग्णास गुण येईल, असे वचन तो देत नाही. जे औषधनिर्माते या प्रश्नांची लेखी उत्तरे देतील, त्यांचेच आकडे आपल्या औषधालयात लावावेत. ग्रंथोक्त औषधांची प्रतिष्ठा उसन्या आकड्यांनी वाढत नाही. आकडा खोटा ठरल्यास मात्र ती निश्चित घटते.