वाजलं म्हणजे वाद्य नव्हे

फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी मार्सुलास नावाची चित्रांची गुहा आहे. तिथे 1931 मध्ये 31 सेंटिमीटर लांबीचा एक शंख सापडला. तेव्हाच्या अभ्यासकांनी तो पेयपात्र ठरवला, आणि तुलूजच्या संग्रहालयात तो कित्येक दशकं त्याच ओळखीवर पडून राहिला. पुढे नव्या पिढीतल्या संशोधकांनी तो बारकाईने तपासला, एका हॉर्नवादकाने त्यात फुंक मारली आणि सुमारे 18,000 वर्षांच्या मौनानंतर त्यातून तीन सूर उमटले. 2021 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. गाजले ते मात्र सूरच; ती ध्वनिफीत मोबाइलवरून मोबाइलवर जगभर फिरली. ऐकताना अंगावर काटा येतो हे खरं, पण शंख वाद्य होता हे त्या सुरांनी सिद्ध होत नाही. मोठ्या शंखाचं टोक उडवलं की तो वाजतो, हे देवघरात शंख असलेल्या घरात कोणीही सांगेल.

पुरावा आहे तो शंखाच्या अंगावर. टोकाकडचा भाग हा शंखाचा सगळ्यात टणक भाग. तो पडून, आपटून सहजासहजी तुटत नाही. इथे नेमका तोच तोडलेला आहे. आतल्या वळ्यांना आरपार भोक पाडलं आहे, बहुधा फुंकण्यासाठी एखादी पोकळ नळी बसवता यावी म्हणून. बाहेरची ओठासारखी कड ठोकून सारखी केली आहे. आतल्या बाजूला तांबड्या रंगाचे फिकट ठिपके आहेत, आणि त्याच गुहेच्या भिंतीवर बोटांच्या तांबड्या ठशांनी रंगवलेला गवा आहे. पाणी पिण्याच्या भांड्याला एवढी उस्तवार कोण करील? शंख वाजला नसता तर हे सगळं कोड्यात पडलं असतं, एवढंच त्या तीन सुरांचं काम.

हा फरक किती महत्त्वाचा आहे हे स्लोव्हेनियातल्या दिव्ये बाबे गुहेतल्या हाडावरून कळतं. इव्हान तुर्क यांच्या उत्खननात 1995 मध्ये गुहा-अस्वलाच्या पिल्लाच्या मांडीचं हाड मिळालं. दोन्ही टोकं तुटलेली, मध्ये एका रेषेत दोन अखंड भोकं आणि शेजारी आणखी भोकांच्या खुणा. काळ 50 ते 60 हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे निअँडरथल माणसांचा. ही बासरी असेल तर संगीत आपल्या जातीच्या मक्तेदारीचं राहत नाही. वाद पेटला तो त्यामुळेच. या हाडाच्या प्रतिकृतीवर वादकांनी दोन सप्तकांपलीकडचे सूर काढून दाखवले आहेत. पण ज्या गुहांमध्ये माणूस राहिल्याची खूणच नाही, तिथल्या अस्वलांच्या हाडांवरही अशी भोकं आढळतात, हे फ्रान्चेस्को देरिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवून दिलं. मज्जेसाठी हाड चावणाऱ्या जनावराच्या सुळ्यानेही हाडाला गोल भोक पडतं. कुशल वादकाच्या हाती तरसाने चावलेलं हाडही गाऊ लागेल. त्यात तरसाचं कर्तृत्व ते काय?

यावर तुर्क यांच्या बाजूचं उत्तर तितकंच ठाम आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दगडी टोच्याने हाडाला भोक पाडलं तर ओरखडे उरतीलच असं नाही, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं. उलट, जनावरांच्या दातांच्या धातूच्या प्रतिकृतींनी ताजी हाडं दाबून पाहिली तेव्हा ती बरेचदा तडकली. म्हणजे हत्याराच्या खुणा नाहीत एवढ्यावरून माणसाचा हात नव्हता असंही म्हणता येत नाही. काही जण आणखी पुढे जाऊन विचारतात, की निअँडरथलांच्या बाबतीतच एवढी कडक कसोटी का? आरोपात तथ्य आहे. या मंडळींना मठ्ठ ठरवण्याची घाई विज्ञानाने पूर्वी केलेली आहे. पण त्यावरचा उपाय कसोटी सैल करणं हा नव्हे. सगळ्यांना तीच कसोटी लावावी, आणि दिव्ये बाबेच्या हाडाचा निकाल राखून ठेवावा.

तीच कसोटी जर्मनीतल्या श्वाबियन युरात लावली, तर शंकेला जागाच उरत नाही. होले फेल्स गुहेत 2008 मध्ये गिधाडाच्या पंखाच्या हाडाची बासरी तुकड्यांमध्ये मिळाली. जोडल्यावर लांबी जेमतेम 22 सेंटिमीटर, पाच छिद्रं, वय 35,000 वर्षांहून अधिक. फुंकायच्या टोकाला कोरलेल्या खाचा आहेत, आणि छिद्रांजवळ बारीक रेघा आहेत: भोक कुठे पाडायचं याची बहुधा आधी केलेली आखणी. जवळच्याच गाइसेनक्लोस्टर्ले गुहेतली बासरी तर मॅमथच्या हस्तिदंताची आहे. हस्तिदंत आतून पोकळ नसतो. तो उभा चिरायचा, दोन्ही फाका कोरायच्या आणि हवा निसटणार नाही अशा बेताने पुन्हा जुळवायच्या, असला खटाटोप तिच्या कारागिराने केला होता. असलं काम कोणत्याही दाताकडून होत नाही.

मग वाजवून बघण्यात अर्थच नाही का? आहे, पण तो मर्यादित आहे. प्रतिकृती वाजवली की या वाद्यातून काय निघू शकतं हे समजतं. काय वाजवलं जात होतं, हे समजत नाही. फुंकण्याचा कोन बदलला, छिद्र अर्धवट झाकलं, की त्याच बासरीवर सूर चढतो किंवा उतरतो. आजचा वादक स्वतःच्या कानाला रुचणाऱ्या सप्तकाकडे नकळत ओढला जातो आणि मग ‘आदिमानवाचं संगीत’ आपल्याला ओळखीचं वाटतं, यात नवल नाही. लिहून ठेवलेल्या संगीताचीही हीच गत आहे. सीरियातल्या उगारित इथे मिळालेल्या मातीच्या पाटीवर ख्रिस्तपूर्व सुमारे 1400 मधलं हुरियन भाषेतलं एक स्तोत्र आहे, आणि त्याखाली वीणेसारख्या तंतुवाद्यावरच्या तारांच्या जोड्यांची नावं व आकडे. अॅन किल्मर यांच्यासह अनेकांनी ते उलगडलं आणि प्रत्येकाची चाल वेगळी निघाली. जोडीतल्या दोन तारा एकदम छेडायच्या की एकामागून एक, आणि आकडे नेमके कशाचे, इथेच मतभेद आहेत. ‘जगातलं सर्वात जुनं गाणं’ म्हणून जे आपल्याला ऐकवलं जातं, ते यातल्या कोणा एकाचं वाचन असतं. ते जरूर ऐकावं. फक्त मथळ्याखाली त्या अभ्यासकाचं नाव लिहिलेलं असावं.

आवाजाने जे सांगता येत नाही ते कधीकधी एक खूण सांगून जाते. चीनच्या हनान प्रांतात जियाहू इथे क्रौंच पक्ष्याच्या पंखाच्या हाडाच्या बासऱ्या मिळाल्या, 9000 ते 7700 वर्षांपूर्वीच्या दरम्यानच्या. त्यातल्या सात छिद्रांच्या एका बासरीवर शेवटच्या छिद्राला लागून आणखी एक अगदी बारीक छिद्र आहे. बोटासाठी ते फार लहान आहे. अभ्यासकांचा तर्क असा, की बासरी वाजवून पाहिल्यावर कारागिराला तो सूर खटकला आणि त्याने हे छिद्र पाडून तो जुळवून घेतला. म्हणजे सूर कुठे लागायला हवा याची काही कल्पना त्याच्या मनात आधीपासून होती. 1999 मध्ये हे संशोधन जाहीर झालं तेव्हा त्या बासरीवर वाजवलेलं एक चिनी लोकगीतही ऐकवलं गेलं. ते गीत बासरीहून हजारो वर्षांनी लहान आहे. ते बारीक छिद्र मात्र जियाहूतल्याच कोणाच्या तरी हातचं.