पोढीतला अंधार, टाकीतला उजेड

जुन्नरच्या लेण्यांभोवती कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांना तिथल्या शिलालेखांत ‘पोढी’ म्हटलं आहे. इरिल नावाच्या एका यवनाने अशा दोन पोढ्या दान दिल्याची नोंदही त्यांत आहे. कातळाच्या पोटात, सावलीत राहिलेलं पाणी नितळ राहतं; उघड्यावरचं तळं पावसाळा सरला की हिरवं होऊ लागतं. पाऊस तोच, खडक तोच, फरक मुख्यतः उन्हाचा. घरात पाणवनस्पतींची काचेची टाकी मांडणारा मात्र दुकानात जाऊन पहिलं विचारतो ते ‘सगळ्यात जास्त वॅटचा कुठला?’ माझ्या मते थोडा मंद दिवा निभावून नेता येतो, प्रखर दिवा नेता येत नाही.

दिवा म्हणजे खत नव्हे. झाडाच्या कामाचा वेग तो ठरवतो, आणि वेग वाढला की नत्र, पालाश, कार्बन सगळ्याचीच मागणी वाढते. पाण्यात पहिली टंचाई पडते ती कार्बनची. उघड्या हवेतल्या पाण्यात लिटरमागे कार्बन डायऑक्साइड जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो, आणि हा वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे 10 हजार पट संथ पसरतो. झाड अडलं की उरलेला उजेड शेवाळाच्या पथ्यावर पडतो. त्याची भूक थोड्यात भागते. अनुबियासचं जाड पान महिनोन्‌महिने टिकतं, म्हणून काळपट, केसाळ झालर आधी त्याच्याच कडेला दिसते. मूळचं ते पश्चिम आफ्रिकेतल्या जंगली ओढ्यांकाठचं. भीमाशंकरच्या रानात भर दुपारी झिरपतो तेवढा उजेड त्याला पुरतो.

तेव्हा खोक्यावर वॅटपेक्षा ल्युमेन पाहावेत. वॅट सांगतो वीज किती खाल्ली. जुन्या ट्यूबलाइटच्या काळातले वॅटचे हिशेब एलईडीला लागू पडत नाहीत. ल्युमेनही माणसाच्या डोळ्याचं माप आहे, पानाचं नव्हे, पण पांढऱ्या दिव्यांची आपसांत तुलना करायला चालतं. 70 लिटरच्या टाकीत अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन लावायचे तर लिटरमागे 15-20 ल्युमेन, म्हणजे साधारण 1,000 ते 1,400 पुरेत. रंग 6,500 केल्विनच्या आसपासचा घ्यावा, तोही मुख्यतः आपल्या नजरेसाठी. जांभळ्या दिव्यांची जाहिरात मोठी. पण पानं हिरवा प्रकाशही वापरतात आणि जांभळ्या उजेडात मासे आजारी दिसतात.

लाल पानांच्या रोटालाला किंवा गालिच्यासारख्या पसरणाऱ्या रोपांना मंद दिवा पुरत नाही, हा आक्षेप खरा आहे. मग कार्बनचा सिलिंडरही आणावा आणि प्रमाण लिटरला 20-30 मिलिग्रॅमपर्यंत न्यावं. नुसता दिवा वाढवणं म्हणजे अर्धीच खरेदी. खिडकीतलं ऊन फुकट असतं म्हणावं, तर त्याला बटण नाही आणि वैशाखात ते पाणीही तापवतं.

उजेड रोज सहा ते आठ तास, टायमर लावूनच द्यावा. स्वस्त चकतीचा टायमर वीज गेली की जागीच थांबतो. जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या गावात दोन तास वीज गेली, तर टाकीचा दिवस दोन तासांनी पुढे सरकतो. असं चार-पाचदा झालं की दुपारचा दिवा मध्यरात्री पेटतो. म्हणून दिव्यावरचे थोडे पैसे वाचवून आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा.