लाजेपायी दुखणे वाढवू नका

वर्षावासाच्या तीन महिन्यांत आमच्या कुंडलच्या विहारात सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. माझे थोरले चुलते वाचनाला नेहमी पहिल्या रांगेत बसत. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर कारखान्यात मजुरी केली, पण वाचन कधी चुकवले नाही. एका वर्षी मात्र ते दाराजवळ बसू लागले. मध्येच उठून बाहेर जात. पुढे यायचेच बंद झाले. विचारले तर म्हणत, "गुडघं दुखत्यात बाबा." आम्ही ते खरे मानले.

दुखणे वेगळेच होते. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागे. धार बारीक, शेवटी थेंब थेंब, आणि पोट पुन्हा भरल्यासारखेच. धोतर ओले होई. वास येतो म्हणून घरात कुरकुर चाले. मग त्यांनी पाणी पिणेच कमी केले. त्यात सर्दी झाली. कुणालाही न विचारता दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणून घेतल्या आणि त्याच रात्री लघवी पूर्ण तुंबली. सकाळी ओटीपोट दगडासारखे टणक, अंगाला दरदरून घाम. जीपमधून मिरजेला नेले. डॉक्टरांनी नळी घातली तेव्हा कुठे जीवात जीव आला. खाटेवर पडल्या पडल्या ते मला म्हणाले, "लाज वाटत हुती रं. कुणाला सांगायचं?"

१९४३ च्या प्रतिसरकारचे हे गाव. इंग्रजांच्या बंदुकीला इथली माणसे भ्याली नाहीत. पण घरच्या माणसांसमोर लघवीचा शब्द काढायला आमची म्हातारी माणसे भितात. आणि आम्ही शिकलेले लोक तरी कुठे विचारतो?

पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. लघवीची नळी तिच्यामधून जाते. पन्नाशीनंतर ही ग्रंथी हळूहळू वाढते आणि नळी दाबते. प्रत्येक वाढ कर्करोगाची नसते. बहुतेक वेळा ती साधीच असते. पण डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ते कळत नाही. लघवी व रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. पुष्कळांना गोळ्यांनी आराम पडतो, काहींना शस्त्रक्रिया लागते. दुर्लक्ष केले तर तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडावर येतो. सर्दीच्या काही औषधांनी लघवी अडते, म्हणून प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ती विचारूनच घ्यावीत.

आमच्या माता-भगिनींचे हाल आणखी वेगळे. भांगलणीला, ऊसतोडीला गेल्यावर आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाणी प्यायचे नाही आणि लघवी दाबून धरायची. अशाने उन्हाळी लागते, जंतुसंसर्ग होतो. बाळंतपणे, जड ओझी आणि पाळी गेल्यानंतरचे बदल यांमुळे ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. मग खोकताना, शिंकताना, घागर उचलताना लघवी सुटते. "वयच झालं आता" म्हणून बाया गप्प बसतात.

यावर बिनखर्चाचा व्यायाम आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळावेत, पाच सेकंद सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये. गुण यायला तीन महिने तरी लागतात, म्हणून चिकाटी हवी. अंग बाहेर येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

मी कारकून माणूस, हिशेबाची सवय. घरात एक वही ठेवा. तीन दिवस लिहा: पाणी आणि चहा किती, लघवी किती वेळा, रात्री किती वेळा, कपडे कधी ओले झाले. डॉक्टरांसमोर बोलायला संकोच वाटला तर वही पुढे करावी.

पाणी तोडू नये. ते दिवसा पुरेसे प्यावे आणि झोपण्याआधी दोन तास कमी करावे. संध्याकाळचा चहा टाळावा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. मधुमेहानेही वारंवार लघवी होते, म्हणून साखर तपासावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. त्या कोणत्या वेळी घ्याव्यात हे डॉक्टरांना विचारावे, मनाने बंद करू नयेत. रात्री वाटेत छोटा दिवा ठेवावा. अंधारात पडून खुब्याचे हाड मोडले की म्हातारे माणूस अंथरुणाला खिळते.

लघवी अजिबात होत नसेल, थंडी वाजून ताप असेल किंवा म्हातारे माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लघवीत एकदाच रक्त दिसले, दुखत नसले, तरी थांबू नये. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो.

खर्चाची धास्ती असते. पण महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचे कार्ड मिळते. त्यात कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. रुग्णालय योजनेत आहे का, हे आधी विचारावे. कार्ड काढून देणे हे गावातल्या शिकलेल्या पोरांचे काम आहे.

बाबासाहेबांच्या याच ग्रंथात एका आजारी भिक्खूची हकिकत आहे. तो अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता. तो संघाच्या काही कामाचा नाही म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि उचलून अंथरुणावर ठेवले. ही हकिकत आम्ही दरवर्षी वाचतो. चुलते दाराजवळ बसत होते तेव्हाही वाचली होती. पण आमच्याच घरातला आजारी आम्हाला दिसला नाही.

आता ते पुन्हा पहिल्या रांगेत बसतात. मध्ये उठावे लागले तर सांगून जातात. त्यांच्या खाटेखाली झाकणाचे भांडे सूनबाईंनीच आणून ठेवले आहे. तुमच्या घरातले कुणी विहारात यायचे थांबले असेल, पाणी कमी पीत असेल, तर आज जेवण झाल्यावर शेजारी बसा आणि विचारा. ती सांगणार नाहीत, आपणच विचारायचे. जयभीम.